भाकरी खाल्लीत, आता ते मशीनचं परत घ्या: रांगड्या बोलीच्या समस्त उमेदवारांना खुलं पत्र

दादा, भाऊ, अण्णा, तात्या, आबा, साहेब आणि अलीकडे ताई, वहिनी, अक्का, सगळ्यांना रामराम.

पत्र कोणा एकाला नाही. नाव घेतलं की लगेच "हा तिकडच्या पार्टीचा" सुरू होतं आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून नाव घेत नाहीये, गावाचंही नाही. पण ज्याला वाचून वाटेल की हे आपल्याबद्दल आहे त्याने खुशाल आपल्याबद्दल समजावं.

तर झालं असं. गेल्या विधानसभेच्या वेळची गोष्ट, 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान होतं आणि त्याच्या आठवडाभर आधी एक उमेदवार आमच्या गावात आले. गाड्यांचा ताफा वेशीवरच सोडला, पायी आले, बरं वाटलं लोकांना. आमच्या थोरल्या काकूच्या पडवीत सतरंजीवर मांडी घालून बसले, "मावशे भाकर हाय का, कालच्यापासनं हाटेलातलं खाऊन तोंड आंबलं" म्हणाले, काकूने भाकरी, ठेचा, कच्चा कांदा दिला, कांदा बुक्कीनेच फोडला. चार पोरं मोबाईलवर शूट करत होतीच. आणि जाता जाता, हसत हसत, पायात चप्पल सरकवताना म्हणाले, "मावशे, बटन नीट दाब बरं का, त्या मशीनमधनं चिठ्ठी पडती, कुणी कुणाला दिलं समदं कळतंय आमाला, मग लाडक्या बहिणीचं पैसं आलं न्हाईत म्हणून आमच्या दारात यायचं न्हाय." सगळे हसले. काकूपण हसली.

रात्री साडेदहाला तिचा मला फोन. आमची काकू नऊला झोपते, त्यामुळे मी आधी घाबरलो की कुणाला काही झालं का. तर ती विचारत होती, खरंच कळतं का रे? 1500 रुपये म्हणजे तिच्यासाठी बीपीच्या गोळ्या आणि गॅसमधला वाटा, चेष्टेचा विषय नाही. मी अर्धा तास समजावलं की काकू, त्या चिठ्ठीवर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, तुझं नाव नसतं, ती काचेमागे 7 सेकंद दिसते आणि खालच्या बंद पेटीत पडते, कोणाची कुठली हे देवालापण सांगता येणार नाही. ऐकून घेतलं तिने सगळं. आणि मग म्हणाली, "तुझं बरोबर आसंल बाबा, पर त्यो कशाला खोटं बोलंल? माझ्या हातची भाकर खाल्ली की त्यानं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र.

कारण बघा, टीव्हीवर सूटबूट घालून कोणी बोललं असतं तर काकूने विश्वास ठेवला नसता. सरकारी पत्रक आलं असतं तर चुलीत घातलं असतं. इंग्रजाळलेला कोणी आला असता तर तिने पदर तोंडाला लावून ऐकून घेतलं असतं आणि मागून नकला केल्या असत्या. तुमचं मात्र तिने आत घेतलं, कारण तुम्ही तिच्या बोलीत बोललात, तिच्या जमिनीवर बसलात, तिचं मीठ खाल्लंत. गावात अजून असं आहे की मीठ खाल्लेला माणूस दगा देत नाही. तुम्हाला हे माहिती आहे, म्हणूनच तर तुम्ही भाकरी मागता, कोणी उमेदवार गावात येऊन पिझ्झा मागत नाही. म्हणजे हा विश्वास आयता मिळालेला नाही, तुम्ही तो ठरवून, कॅमेरा लावून मिळवलाय, आणि मग त्याच विश्वासावर बसवून एक खोटी गोष्ट तिच्या घरात आत पाठवलीत.

आणि खोटंही कसं, तर अगदीच बिनबुडाचं नाही, हे तर जास्त वाईट. बूथनिहाय आकडे निकालानंतर जाहीर होतात, फॉर्म 20 म्हणतात त्याला, त्यामुळे अमुक वस्तीने आपल्याला किती मतं दिली हे तुम्हाला खरंच कळतं, कार्यकर्ते वही घेऊन बसलेले असतात आणि वाडीत दीडशे घरं असली की अंदाज बांधायला कोणी ज्योतिषी लागत नाही. निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलंही होतं की टोटलायझर नावाचं यंत्र वापरून अनेक मशीनची मतं एकत्र मिसळून मोजू, म्हणजे वस्ती ओळखू येणार नाही, ते अजून आलेलं नाही. तर या एवढ्याशा खऱ्यावर तुम्ही "कुणी कुणाला दिलं समदं कळतंय" हे खोटं उभं केलंत. वस्तीचं कळतं, माणसाचं कळत नाही. मतदान गुप्त ठेवणं हा कायदा आहे, फोडणारा कर्मचारी असला तरी त्याला शिक्षा आहे. पण काकूला फॉर्म 20 कोण सांगणार?

मी एका कार्यकर्त्यामार्फत निरोप दिला होता, की दादांनी हे एकदा दुरुस्त करावं. उत्तर आलं, अहो चेष्टेत बोलले ते, गावाकडची भाषा आहे, तुम्ही पुण्यात राहून लय मनाला लावून घेता.

इथे मात्र माझी सटकली.

गावाकडच्या भाषेला मध्ये घ्यायचं नाही. ही भाषा काय तुमच्या खोटेपणाचं पोतं झाकायला विणलेली घोंगडी आहे का? याच महाराष्ट्रात गाडगेबाबा होऊन गेले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, वऱ्हाडी बोलायचे, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अंगावर चिंध्या. त्यांच्याहून गावरान माणूस दाखवा मला एक. कीर्तनात उभे राहिले की लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे, देवाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा. लोक पोट धरून हसायचे, आणि हसता हसता डोक्यातलं एखादं जळमट गळून पडायचं. 1956 पर्यंत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, तो माणूस हेच करत फिरला. तीच बोली, तेच हसणं, तोच पार. तुम्ही हसवता आणि एक जळमट जास्तीचं ठेवून जाता, फरक एवढाच.

आणि राजकारणातच बघायचं तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख, 11 वेळा आमदार, त्यांना कधी खोटा बॉम्ब फोडावा लागला नाही. आर. आर. आबा तर तुमच्यासारखेच, किंवा तुम्ही त्यांच्यासारखे व्हायला बघता, अंजनीचा माणूस, बोलायला लागला की सभा गप्प. 26/11 नंतर त्यांच्या तोंडून एक हलकं वाक्य गेलं, खोटं नव्हतं ते, नको त्या वेळी आलेलं होतं, आणि काही दिवसांत उपमुख्यमंत्रीपद आणि गृहखातं दोन्ही सोडावं लागलं. पुढच्या वर्षी परत आले ते वेगळं, पण एका वाक्याची किंमत भरली त्यांनी. तुमची वाक्यं फुकट कशी?

आता एक लांबचं उदाहरण देतो, कारण जवळचं दिलं की भांडण लागतं. अमेरिकेत सारा पेलिन नावाच्या बाई होत्या, अलास्काच्या गव्हर्नर, 2008 मध्ये रिपब्लिकन पक्षाने उपाध्यक्षपदासाठी उभ्या केल्या. बोलणं एकदम घरगुती, मी काय बाई साधी आई, पोराला हॉकी खेळायला घेऊन जाणारी, वॉशिंग्टनच्या शहाण्यांपैकी नाही, वादविवादात चक्क कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. लोकांना आवडायच्या, आणि मला पण त्यात काही वावगं वाटत नाही, साध्या माणसाने राजकारणात यावंच. पण पुढच्या वर्षी, 7 ऑगस्ट 2009 ला, त्यांनी फेसबुकवर लिहिलं की ओबामांच्या आरोग्य विधेयकात एक डेथ पॅनेल आहे, माझ्या म्हाताऱ्या आईवडिलांना आणि माझ्या डाउन सिंड्रोमच्या बाळाला त्याच्यासमोर उभं राहावं लागेल आणि सरकारी बाबू ठरवतील की हे उपचाराच्या लायकीचे आहेत का. विचार करा, पोटचं पोर मध्ये आणल्यावर कोण आई शंका घेईल?

असं काहीही त्या विधेयकात नव्हतं. कलम 1233 मध्ये होतं एवढंच, की म्हाताऱ्या पेशंटला स्वतःची इच्छा असेल तर शेवटच्या आजारपणात काय उपचार हवेत काय नकोत याबद्दल डॉक्टरशी निवांत बोलता यावं आणि त्या वेळेचे पैसे डॉक्टरला मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य विम्याने, द्यावेत. म्हणजे आपल्याकडे फॅमिली डॉक्टर जे खुर्ची ओढून बोलतो ना, "आजोबांना आता व्हेंटिलेटर नको असं तुमच्यात ठरलंय का", तेवढंच. पॉलिटिफॅक्ट म्हणून नेत्यांच्या बोलण्यातलं खरं-खोटं तपासणारी तिथली संस्था आहे, तिने ते त्या वर्षातलं सगळ्यात मोठं खोटं म्हणून निवडलं. काय उपयोग? तोपर्यंत गावोगावच्या सभांमध्ये म्हातारी माणसं ओरडत होती आणि ते कलम कायद्यातून गळलं. डॉक्टरांना त्या बोलण्याचे पैसे मिळायला लागले जानेवारी 2016 मध्ये. सहा वर्षांहून जास्त काळ एका पोस्टची भीती पुरली, आणि त्या सहा वर्षांत किती घरांत ते बोलणं राहूनच गेलं असेल ते कोण मोजणार.

याच्यात एक मजा आहे, कडू आहे पण आहे. याच बाईंनी पुढे 2017 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सवर खटला भरला, का तर अग्रलेखात त्यांच्याबद्दल चुकीचं छापलं. आणि चुकीचं छापलं होतंच, एका गोळीबाराशी त्यांचं नाव नसताना जोडलं होतं, पेपरने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. बाई खटला दोनदा हरल्या, शेवटचा एप्रिल 2025 मध्ये, पण मला म्हणायचंय ते वेगळं. स्वतःबद्दल खोटं आलं की किती लागतं ते त्यांना पुरेपूर कळत होतं, वर्षानुवर्षं कोर्टात जायची तयारी होती. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला घाबरवलं तेव्हा मात्र तो राजकीय मुद्दा होता.

तुमचंही असंच आहे की नाही? तुमच्याबद्दल कोणी काही बोललं की अब्रुनुकसानीची नोटीस दुसऱ्या दिवशी.

आणि कायदा पण गमतीशीर आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 123 चं चौथं पोटकलम आहे, प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल किंवा वागण्याबद्दल खोटं पसरवलं तर ती भ्रष्ट कृती, निकालापासून 45 दिवसांत हायकोर्टात याचिका टाकता येते, निवडून आलेला घरी जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत कलम 175 आहे, तेही उमेदवाराबद्दलच्या खोट्यासाठी, शिक्षा फक्त दंड. म्हणजे उमेदवाराला उमेदवाराच्या खोट्यापासून संरक्षण आहे, काकूला उमेदवाराच्या खोट्यापासून काय? धाक दाखवला म्हणून त्याच कलम 123 चं दुसरं पोटकलम लागेलही, पण हसत हसत चप्पल घालताना बोललेला धाक कोर्टात कोण सिद्ध करणार, साक्षीला कोण, चारही पोरं तुमचीच. आचारसंहितेत लिहिलंय की खातरजमा न केलेल्या आरोपांवर टीका करू नये. वाचलीत कधी? 2024 च्या लोकसभेला आयोगाने पक्षांना सांगितलं होतं की तुमच्या हँडलवर बनावट व्हिडिओ आढळला की 3 तासांत काढा. छान आहे, पण पडवीतलं बोलणं कुठल्या हँडलवर असतं?

म्हणून कायद्याचं राहू द्या बाजूला. मी जबाबदारीचं बोलतोय.

तुमच्याकडून साधारण तीन उत्तरं येतात, मी इतक्या सभा ऐकल्यात की पाठ झालीत. एक, "मी फक्त विचारलं, ठाम बोललोच नाही." दोन, "मला पोरांनी मोबाईलवर दाखवलं, मी काय शिकलेला माणूस नाही." तीन, "लोकांना सगळं कळतं, लोक येडे नाहीत."

पहिल्याबद्दल काय बोलायचं, तुम्ही विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसलात. दुसरं मात्र मला फार लागतं. शिकलेले नाही? उमेदवारी अर्जासोबत फॉर्म 26 चं शपथपत्र भरताना तुम्ही गुंठागुंठा नीट लिहिता, बायकोच्या नावावरचं सोनं ग्रॅममध्ये, सोसायटीचं कर्ज रुपयात, गाडीचं मॉडेल, सगळं वकिलाकडून दोनदा तपासून घेता. का? कारण तिथे खोटं लिहिलं किंवा लपवलं तर त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 125 अ, सहा महिने आत जायची भीती. म्हणजे तपासायचं कसं ते तुम्हाला येतं. माणसं आहेत, वकील आहे, चार पगारी पोरं सोशल मीडियाला आहेत. खरं-खोटं करायची सगळी यंत्रणा दारात उभी असताना स्टेजवर चढलं की तेवढं अडाणी व्हायचं, हे काही पटत नाही. अडाणी माझी काकू आहे, चौथी शिकलेली, आणि तिने तरी फोन करून विचारलं.

तिसरं उत्तर, लोकांना कळतं. कळतं ना. पण कधी आणि काय झाल्यावर? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा आहे, 1 जुलै 2018, रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून जगणारे, पोरं पळवणारी टोळी म्हणून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या काळात देशभर मोबाईलवर पोर पळवल्याचा जो व्हिडिओ फिरत होता तो कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता, शेवटचा खुलासा कापलेला. हे कोणा उमेदवाराने केलं असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. माझं म्हणणं एवढंच की नाव-गाव नसलेला व्हिडिओ जर एवढं करू शकतो, तर ज्याच्या मागे पक्ष आहे, ज्याच्यावर लोकांचा जीव आहे, ज्याला "आपला माणूस" म्हणतात त्याच्या तोंडचं वाक्य काय करेल. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड 5 चॅटवर आणलं. तुमच्या तोंडावर तसली काही मर्यादा नाही, ती तुम्हालाच घालायची आहे.

आणि परत घेता येतं हो. मान जात नाही. पेलिन बाई ज्यांच्यासोबत उभ्या होत्या ते मॅकेन, अध्यक्षपदाचे उमेदवार, 10 ऑक्टोबर 2008 ला मिनेसोटात लेकव्हिल म्हणून गाव आहे तिथे त्यांच्या स्वतःच्या सभेत एक बाई उठल्या आणि म्हणाल्या माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेननी माइक काढून घेतला आणि सांगितलं, नाही बाई, ते चांगले कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, माझे त्यांच्याशी मतभेद आहेत एवढंच. त्याच सभेत त्यांच्याच लोकांनी त्यांना हुर्यो केली. (त्या उत्तरातही एक खोट आहे, अरब असणं आणि चांगला गृहस्थ असणं यात काय विरोध, पण त्या क्षणाला उभ्या उभ्या एवढं तरी केलं.) पुढच्या महिन्यात निवडणूक हरले, त्या वाक्यामुळे नाही हरले. आणि आज त्या माणसाच्या सगळ्या भाषणांतलं लोकांना हेच आठवतं.

तर माझी मागणी लहान आहे. पत्रक नको, ट्विट नको, "विपर्यास केला गेला" तर अजिबात नको, कारण आमच्या काकूकडे विपर्यास पोचत नाही. ज्या पडवीत बोललात त्याच पडवीत या. त्याच सतरंजीवर बसा, त्याच पोरांना शूट करायला सांगा आणि त्याच भाषेत बोला, "मावशे, मागं मी मशीनचं बोललो व्हतो ते खोटं हाय, तुझं मत कुणाला कळत न्हाय, मलाबी न्हाय, आणि पैशाचा त्याच्याशी काय संबंध न्हाय." दहा सेकंद लागतात. जिथे पारावर बोललात तिथे पारावर, जिथे बाजारात बोललात तिथे बाजाराच्याच दिवशी, म्हणजे माणसं तीच असतील. आणि रील करा की त्याचं, लोक बघतील, मी स्वतः शेअर करेन, पक्ष न बघता.

आता झेडपी, पंचायत, सोसायटी, काही ना काही चालूच असतं, तुमचे फेरे होणारच. मी काकूला हे पत्र फोनवर वाचून दाखवलं, तिला विचारलं की परत आले तर बसवशील का. आधी काहीच बोलली नाही, मागे टीव्ही चालू होता, मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, "दारात आलेल्याला कसं न्हाय म्हणायचं. पर भाकर मागितली तर सांगंन पीठ संपलंय म्हणून."

मी म्हटलं काकू, पीठ तर परवाच दळून आणलंस.

"व्हय," म्हणाली, "पर मीबी चेष्टेतच बोलनार की."

तुमचाच एक मतदार,
पुणे